नागपुरात जुनी कार घेताना: आधी कागद, मग पत्रा, मग कॉम्प्युटर

जुनी कार घेणारे बहुतेक जण आधी गाडी बघतात, ती आवडली की भाव पाडतात, इसार देतात आणि मग कागद मागतात. हा क्रम उलटा हवा. कागद तपासायला फारसा खर्च नाही, घरबसल्या अर्धा तास लागतो आणि बऱ्याच गाड्या तिथेच बाद होतात. कागदांनंतर पत्रा, म्हणजे बॉडी. सगळ्यात शेवटी इंजिन आणि गाडीतला कॉम्प्युटर. हा शेवटचा भाग गेल्या काही वर्षांत फार मोठा झाला आहे. नुसत्या कानाने इंजिन ओळखणारा मिस्त्री आता पुरत नाही आणि नुसता स्कॅनर लावणाराही पुरत नाही. दोघांचं म्हणणं जुळलं तरच पुढे जायचं.

कोणत्या सालची, कोणत्या इंधनाची

दोन तारखा पाठ करून ठेवा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. दुसऱ्या टप्प्यातल्या पेट्रोल गाड्या ई-२० पेट्रोलवर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनलेल्या आहेत. आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. त्याआधीची गाडी घेऊ नये असं नाही. मात्र तिचे इंधनाचे रबरी पाइप, त्यांचे जोड आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या, तपासून घ्या. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो बहुधा तिथूनच येत असतो. अशा गाडीचा अ‍ॅव्हरेजही थोडा कमी होतो, तो दोष समजू नका. इथेनॉल ओल धरतं, म्हणून महिना-दोन महिने उभी राहणार असलेल्या गाडीत पेट्रोल तसंच साचवून ठेवू नका.

बीएस-६ डिझेल घ्यायची असेल तर आधी स्वतःचं फिरणं मोजा. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून १५-२० मिनिटं सलग ६०च्या वर चालावी लागते. रोज धरमपेठ ते सीताबर्डी एवढंच जाणं-येणं असेल, तर काजळी जळायला पुरेशी उष्णता तयारच होत नाही. साफसफाई अर्धवट राहते, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि जाळी तुंबते. शहरातच फिरणाऱ्या माणसाने बीएस-६ डिझेल घेऊ नये, इतकं सरळ आमचं मत आहे. महिन्याला दोन-तीनदा अमरावती, चंद्रपूर किंवा जबलपूर होत असेल तर हीच गाडी उत्तम चालते. काही डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. ती पूर्ण रिकामी झाली की बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही.

पहिलीच गाडी घेणाऱ्यासाठी चार ते सात वर्षांची, मॅन्युअल गिअरची, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी सगळ्यात कमी डोकेदुखीची. तिचं काम शहरातल्या कुठल्याही बऱ्या गॅरेजात होतं.

कागद

आरसीचा फोटो मागवा आणि परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. कितवा मालक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. एनओसीवरची तारीखही पाहा, तिला मुदत असते. ई-चलानं वेगळी तपासा. थकलेली चलानं विकणाऱ्यानेच भरायची, हे भाव ठरण्याआधी बोलून घ्या.

नंबर नीट वाचा. एमएच-३१ म्हणजे नागपूर शहर, एमएच-४९ पूर्व नागपूर, एमएच-४० नागपूर ग्रामीण. आपलं शहर सीमेजवळ असल्यामुळे छिंदवाड्याच्या एमपी-२८ आणि रायपूरच्या सीजी-०४ गाड्या इथे स्वस्तात दाखवल्या जातात. दिल्लीकडच्या जुन्या डिझेलही येतात, कारण तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. परराज्यातली गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो कर मिळवून हिशेब केला की स्वस्त गाडी बरेचदा स्वस्त राहत नाही.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. म्हणून १३-१४ वर्षांच्या गाडीच्या भावात हा खर्च धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावली आहे की नाही तेही पाहा, ती नसेल तर नावावर करताना काम अडतं.

आता सर्व्हिसची नोंद. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गाडीचा नंबर दिला की प्रत्येक भेटीची तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम कळू शकतं. मालकाला सोबत न्या, म्हणजे माहिती द्यायला कोणी अडवत नाही. मीटर मागे केलेली गाडी पकडायची ही सगळ्यात खात्रीची जागा. २०२१ मध्ये ६८,००० आणि आज मीटरवर ५२,००० दिसत असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. विम्याचा क्लेम इतिहासही मागा. मोठा क्लेम कशाचा होता, हे पत्रा बघताना कामी येतं.

पत्रा, आणि पुराचं पाणी

गाडी दिवसा, उन्हात आणि न धुतलेली पाहा. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. जाडी मोजायचं छोटं यंत्र डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किंवा गाडी तपासून देणाऱ्यांकडे असतं. आकडा २०० ते ३००च्या घरात गेला तर तो भाग पुन्हा रंगवला आहे आणि त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे. दारावर किंवा बंपरवर ओरखडे झाकायला रंग मारला असेल तर काही बिघडत नाही. छप्पर, पिलर (छप्पर पेलणारे खांब) आणि बोनेटखालचे दोन्ही एप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) मात्र मूळचेच हवेत. एप्रनवरची कंपनीची स्पॉट वेल्डिंगची गोल ठिपक्यांची रांग सलग दिसली पाहिजे. फेंडर आणि बोनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडाला असेल तर ते भाग कधीतरी उतरवले आहेत. सगळ्या काचांवर कोपऱ्यात सालाची खूण असते, एखादीचं साल वेगळं असेल तर ती काच बहुधा बदलली आहे. डिकीची मॅट उचलून स्टेपनीची जागा बघायला विसरू नका. मागून ठोकलेल्या गाडीच्या सुरकुत्या तिथेच राहतात.

नागपुरात याहून महत्त्वाची तपासणी पाण्याची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरलं. तळघरातल्या आणि रस्त्याकडेच्या कित्येक गाड्या बुडाल्या. त्यातल्या दुरुस्त झालेल्या गाड्या आता बाजारात फिरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठा क्लेम किंवा लांबलचक सर्व्हिस जॉब दिसला, तर नेमकं काय बदललं ते कागदावर पाहा.

बुडालेली गाडी ओळखायची कशी? चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या भागात मातीची रेघ किंवा डाग राहतो, कारण साफ करणारा तिथवर पोचत नाही. सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या बोल्टवर गंज पाहा. पुढच्या पायाजवळचं कार्पेट उचलून त्याखालचा फोम दाबा. फ्यूज बॉक्समध्ये पांढरट किंवा हिरवट पूड दिसली तर वायरिंगमध्ये पाणी गेलं आहे. बंद काचांची गाडी १५ मिनिटं उन्हात ठेवा आणि दार उघडताच वास घ्या. कुबट वास आणि त्यावर जोरदार परफ्यूम, म्हणजे संशय पक्का. अशा गाडीचं इंजिन छान चालेल, पण कंट्रोल युनिट आणि कनेक्टर पुढच्या पावसाळ्यापासून एकेक करून बिघडत जातील आणि त्या दुरुस्तीला अंत नसतो. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

थंड इंजिन

मालकाला आधीच सांगा, आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण जुन्या इंजिनाची खोड थंडपणी बोलते.

सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडा. आत मलईसारखा पिवळट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हिरवं, गुलाबी किंवा निळं चालेल, पण गढूळ तपकिरी नको. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत राहिलेल्या गाड्या बऱ्याच सापडतात. जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, मग मे महिन्यात गाडी गरम होते आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचा सांधा बंद ठेवणारं पॅकिंग) उडतं. डिझेल गाडीत ऑइलची डिपस्टिक पाहताना पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका. डीपीएफच्या अर्धवट सफाईतलं डिझेल त्यात उतरलेलं असू शकतं.

सुरू करताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जळतंय. डिझेलचा दाट काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या झडपेकडे) बोट दाखवतो. २०२० पर्यंत अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर ती ढिली पडते आणि थंड इंजिन सुरू करताच काही सेकंद खळखळ ऐकू येते. चेन, टेन्शनर आणि गाइडचा सेट बदलावाच लागतो.

स्कॅनर

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं. गाडीतले दोष तिथे कोडच्या रूपात साठलेले असतात. ब्लूटूथचा साधा स्कॅनर फोनला जोडून इंजिनाचे कोड वाचता येतात, पण एअरबॅग, एबीएस आणि गिअरबॉक्सचे कोड वाचायला गॅरेजातलं मोठं यंत्र लागतं. पैसे देऊन ते लावून घ्या. पी०३०० म्हणजे सिलिंडर फायर चुकतंय, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, पी२००२ म्हणजे डीपीएफची गडबड. ‘यू’ने सुरू होणारे कोड म्हणजे कंट्रोल युनिटांमधला संवाद तुटतोय. ठोकलेल्या आणि बुडालेल्या गाड्यांत हे कोड जास्त दिसतात.

एकही कोड नसणं मात्र पुरावा नाही. विकणारा सकाळी कोड पुसून आणू शकतो. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ उघडा. गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या की नाही ते तिथे दिसतं. कोड पुसले की हे मॉनिटर अपूर्ण होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. रोज वापरातल्या गाडीत बरेचसे मॉनिटर अपूर्ण दिसले, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला विचारा, आणि आठवड्याने पुन्हा स्कॅन करा.

चावी फिरवल्यावर एअरबॅग आणि इंजिनाचे दिवे आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. पुढच्या काचेवर कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांची काच बदललेली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याचं बिल मागा. ते केलं नसेल तर आपोआप लागणारे ब्रेक चुकीच्या जागी लागू शकतात.

चालवून पाहणं

किमान ४० मिनिटं चालवा आणि रस्ता तुम्ही ठरवा. आधी सीताबर्डीची गर्दी, क्लच आणि एसीसाठी. मग सेमिनरी हिल्सचा चढ. तिथे गाडी थांबवून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचला. आरपीएम चढतोय आणि गाडी जागची हलत नाही, तर क्लच प्लेट संपली. शेवटी वर्धा रोडने बुटीबोरीच्या दिशेने मोकळा रस्ता. ८० वर स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग किंवा वाकडा रिम, ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर डिस्क. खड्ड्यात टकटक आली तर लिंक रॉड आणि बुश, ते तुलनेने स्वस्तात होतात.

ऑटोमॅटिक असेल तर प्रकार विचारा. एएमटीमध्ये (मॅन्युअल गिअर आपोआप बदलणारी) साधाच क्लच असतो आणि तो मॅन्युअलसारखाच झिजतो. ड्राय क्लचची, म्हणजे ऑइलशिवायच्या क्लचची, डीसीटी (दोन क्लचची) गर्दीत तापते, रांगताना धक्के मारत असेल तर सोडून द्या. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या गिअरबॉक्सचं) फ्लुइड बदलल्याची नोंद पाहा.

एसी दुपारी तपासा. चालत्या गाडीत, आतली हवा फिरवण्याच्या बटणावर, जाळीपाशी थर्मामीटर १० अंशांच्या आसपास आला पाहिजे. सिग्नलला उभं राहताच हवा गरम होत असेल तर रेडिएटरचा पंखा किंवा कंडेन्सर बघावा लागेल.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२० म्हणजे २०२० सालचा २३वा आठवडा. समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला. तिथल्या काँक्रीटवर तासन् तास वेगाने पळताना उन्हाळ्यात जुनं रबर तापून फुटतं.

इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर

इथे इंजिनाची जागा बॅटरी घेते. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. ती दुसऱ्या मालकाला जशीच्या तशी मिळते का, हे कंपनीकडून लेखी घ्या, कारण काही लांब मुदतीच्या हमी फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात. सर्व्हिस सेंटरातून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल काढा.

स्वतःही पडताळा. २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा आणि चार्जरने दिलेली युनिटं लिहून घ्या. ३० युनिटांच्या बॅटरीला ६० टक्क्यांसाठी १८ युनिटं हवीत. घरच्या चार्जरवर साधारण दहा टक्के वाया जातात, म्हणजे २० च्या आसपास आकडा यावा. १६ च आली तर बॅटरीची क्षमता बरीच घटली आहे. एकदा फास्ट चार्जरवरही लावून बघा, कारण घरी चार्ज होणारी गाडी तिथे नाकारली जाऊ शकते.

व्यवहार

इसाराची पावती घ्या. तिच्यावर नंबर, ठरलेली रक्कम, चलान आणि बोजा कोणाकडे, आणि काम फिसकटलं तर पैसे परत, हे लिहून घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म २९च्या (विक्रीची सूचना) दोन प्रती आणि फॉर्म ३० (मालकी बदलाचा अर्ज) लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन महिनोन् महिने गाडी तशीच फिरवण्याची सवय धोक्याची आहे. अपघात झाला तर जुना मालक आणि तुम्ही दोघेही अडकता. ताबा घेताना तारीख, वेळ आणि मीटर लिहून दोघांनी सही करा, त्याआधीची चलानं कोणाची हा वाद उरत नाही.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. जुना फास्टॅग बंद करून स्वतःचा घ्या. दोन्ही चाव्या मागा. मोबाइलला जोडलेली गाडी असेल तर मालकाने आपल्या अ‍ॅपमधून ती तुमच्यासमोर काढावी. नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील.

पहिला महिना आणि नागपूरचं ऊन

नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी आल्याबरोबर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर बदला. लहान पेट्रोल इंजिनात साधारण ३ ते ३.५ लिटर ऑइल बसतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्या. ऊन फार म्हणून जाड ऑइल घालायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. नव्या इंजिनांचे ऑइलमार्ग पातळ ऑइलसाठी आखलेले असतात. डीपीएफच्या डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमधल्या सी-२ किंवा सी-३ सारख्या प्रतीचंच ऑइल हवं. साधं घातलं तर राख जाळीत बसते आणि ती जळून जात नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

मार्चमध्येच कूलंट पाहा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या जाळीतली धूळ कमी दाबाच्या पाण्याने काढा, जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागत नाही. भरावा लागतोय म्हणजे गळती आहे. आधी नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायला सांगा, मग किमान २० मिनिटं व्हॅक्यूम, मग गॅस वजनाने मोजून. नुसता गॅस मारून देणारा पुढच्या नवतप्यापर्यंत, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, पुन्हा बोलावतो.

बॅटरी थंडीपेक्षा उन्हाने लवकर मरते. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सुरू केल्यावर साधारण १४ व्होल्ट हवेत. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच (वारंवार बंद-सुरू सहन करणारी) बॅटरी बसवा. टायरची हवा सकाळी थंडपणी भरा. दुपारी ३३ ची ३७ दिसली म्हणून हवा सोडू नका, तापल्यावर ती वाढणारच.

गॅरेजात काम देताना

काम सांगताना दुरुस्ती नको, तक्रार सांगा. “क्लच बदला” म्हटलं की क्लच बदलला जातो, दोष दुसरीकडे असला तरी. “चढावर आरपीएम वाढतो, गाडी उचलत नाही” असं सांगा. अंदाजी खर्च भागांच्या नावांसह लेखी घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा, हे काम देतानाच सांगायचं. स्कॅनरवर सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच सेन्सर बदलू देऊ नका. पी०१७१ आला तर ऑक्सिजन सेन्सर बऱ्याचदा खरं तेच सांगत असतो, दोष फाटलेल्या हवेच्या पाइपात असतो. कोडसोबत साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’ बघायला सांगा. दोष आला तेव्हाचं तापमान, वेग आणि आरपीएम तिथे मिळतात.

पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या, प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवायला सांगा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.